खरखरीतलं नाव

जळगाव जामोदच्या दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे शेतकरी वॉकीटॉकी घेऊन उभे होते.

"गोपाल, याले मोठा स्पीकर जोडून दे."

"घरच्या सेटले जोडा ना काका. काकूले कमी ऐकू येत असंन."

"तिले चांगलं ऐकू येते. हा माह्या वावरातला सेट हाये. लकव्यापासून तिचा आवाज लय बारीक झाला."

"मंग काकू बटन कशी दाबते?"

"सून दाबून धरते. ती सांगते, सासूबाई तुमचं नाव घेऊन बोलावतात."

"मंग?"

"चाळीस वर्षं तिनं 'आयकलं का' म्हणूनच हाक मारली. नाव कधी घेतलं नाही. आता मी वावरात असलो तवाच घेते, तं मले नुसती खरखर ऐकू येते."

"काका, स्पीकरनं खरखरबी मोठी होईन."

"होऊ दे. माह्यं नाव तिच्यातच कुठीतरी हाये."