दोन बोटं जाड

नीलम : मंग अकोल्याचं स्वस्त कसं म्हणता, मामाजी? फिटिंग धरली काय तुमी?

मोतीराम : थांब पोरी, पाणी तर पिऊ दे. एसटीत उभ्यानं आलो अकोल्याहून, हे कार्पेटचे नमुने काखेत धरून. कंडक्टर म्हणे, मास्तर, रिटायर झाल्यावर पायपुसणे विकून राहिले काय? ...कुंदन, पाटी आण बेटा. हिशेब तू कर. आपली समोरची खोली किती?

कुंदन : बारा लांब, दहा रुंद. एकशे वीस.

मोतीराम : एकशे वीस काय? संत्री?

कुंदन : चौरस फूट, आबा!

मोतीराम : शाब्बास. आता ऐक. अमरावतीचा दुकानदार म्हणतो, फुटाले पंच्याण्णव. त्यात खालचा फोम आला, चिकटवणं आलं, सगळं आलं. अकोल्याचा म्हणतो सत्तर.

नीलम : पाय! लय फरक हाय.

मोतीराम : मलेही तसंच वाटलं. पण मंग त्यानं एकेक काढलं पोटातून. फोमचे अठरा. चिकटवायचे दहा. दारापाशी पट्टी लागते, ती वेगळी. माणूस अकोल्याहून आपल्या वलगावले येणार, त्याचं भाडं वेगळं. कुंदन, पट्टी अन् भाडं राहू दे बाजूले. फुटामागं किती झाले?

कुंदन : सत्तर... अठ्ठ्याऐंशी... अठ्ठ्याण्णव. आबा, हे तं अमरावतीहून महाग निंघालं!

मोतीराम : हाव. म्हणून दुकानात शेवटपर्यंत ऐकत राहाचं. मधातच खुश नाही व्हाचं.

नीलम : मंग अमरावतीचंच घ्या ना बाप्पा. कुंदनचे बाबा तिकडं गडचिरोलीत राहून इकडं पैसे पाठवतात, त्यात औषधाचाच खर्च केवढा.

मोतीराम : हा नमुना दाब. अंगठ्यानं. जोरात.

नीलम : फरशी लागते खाली.

मोतीराम : हे अमरावतीचं. आता हे दाब.

नीलम : अगं बाई! ही तं गादीच होय.

मोतीराम : फोम धरून दोन बोटं जाड. नीलम, मागच्या महिन्यात टीव्हीपुढं बसल्या बसल्या झटका आला पोट्ट्याले, अन् चार टाके पडले डोक्याले. डॉक्टर म्हणतात, नवं औषध लागू पडाले वेळ लागते, धीर धरा. शाळेतल्या बाई म्हणतात, तवरक घरीच ठेवा. ठेवू. पण तवरक हे डोकं कशावर पडन? झटक्यापुढं माझं काही चालत नाही. खालची फरशी तेवढी मले बदलता येते.

कुंदन : आबा, मले तं लागतच नाही. पडतो तव्हा मी राहतच नाही ना. मंग डोळे उघडतो तं आईच रडून राहिलेली असते.

नीलम : तू चूप बस. ...मामाजी, जरा बाजूले सरका. हा लोटा टाकून पायतो वरून.

मोतीराम : टाक.

नीलम : बाप्पा! वाजलाच नाही.

मोतीराम : दुकानदारही हेच म्हणे. पलंगावरून पोट्टं पडलं तरी शेजारच्याची झोप मोडणार नाही, म्हणे.

नीलम : कुंदन, वरवंटा आण. सांभाळून, दोन्ही हातानं... सरक आता. हा टाकला!

कुंदन : वरवंटाही मुका झाला, आई! मी टाकू? मी टाकू एकदा?

मोतीराम : टाक, टाक. पायावर नको पाडू पण.

नीलम : अकोल्याचंच घ्या, मामाजी. वरचे पैसे मी देतो, माझ्या फॉल-पिकोतून. दिवाळीची साडी नाही घेतली तं काय मरत नाही मी.

मोतीराम : एक अडचण हाय. त्यावर कूलरचं पाणी सांडलं तं सडते, म्हणे. उन्हाळ्यात कूलर इथं नाही ठेवता येणार.

नीलम : नाही तं नाही. पंख्याखाली बसू. उकडलं तर उकडलं.

(कार्पेट बसवून आठवडा झाला आहे. समोरच्या खोलीत मुलगा कुशीवर निजलेला आहे.)

मोतीराम : पाणी नको पाजू इतक्यात. तसाच कुशीवर राहू दे. ...आला, आला शुद्धीवर. कुंदन, मी आबा. हाव, घरीच हायस तू.

नीलम : मी तथीच होतो, मामाजी. चुलीपाशी. दार उघडं होतं.

मोतीराम : मी अंघोळीले गेल्तो तेवढा. डोक्याले लागलं काय कुठी? पायलं तू?

नीलम : पायलं. खरचटलंही नाही.

मोतीराम : मंग झालं तर! एवढ्यासाठीच तं आणलं होतं. रडतेस काऊन?

नीलम : आवाज नाही आला.

मोतीराम : कशाचा?

नीलम : ह्याचा. पडल्याचा. फरशी होती तव्हा धप्पकन वाजे, अन् मी हातातली भाकर टाकून धावो. आज मी दूध घेऊन आलो त्याच्यासाठी, तं हा इथं पडलेला. मी दूध घेऊन आलो म्हणून दिसला, मामाजी. नाही तं...

मोतीराम : किती वेळ झाला असन?

नीलम : तेच तं मालूम नाही! डॉक्टरनं नाकात माराचं औषध देऊन ठेवलं. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तं मारा, म्हणे. मी पाच मिनिटं कधीपासून धरू? तोंडाजवळचा फेस वाळला होता. मी घाबरून मारलं एकदाचं. बरोबर केलं का चूक, कोण सांगन?

मोतीराम : बरोबर केलं. बस इथं. बस.

नीलम : लोटा मीच टाकला. वरवंटाही मीच मागतला. हसलो होतो आपण.

मोतीराम : मीही हसलो. ...फोन करू का अकोल्याले?

नीलम : बसवतानाच सांगितलं त्यानं. कापलेला माल वापस होत नाही, म्हणे. चिकटवलेलं ओढलं तं अर्धा फोम फरशीलेच राहीन, म्हणे. अन् ओढून तरी काय करू? पुन्हा टाके?

मोतीराम : नाही, नाही.

नीलम : मंग काय करू ते सांगा ना, मामाजी. तुमी मास्तर होय. तुमाले समजते.

मोतीराम : मले नाही समजत, पोरी.

कुंदन : आई... भाकर जळून राहिली.

नीलम : जळू दे.

मोतीराम : जाय, तवा उतरव. मी बसलो हावो ना याच्यापाशी.

नीलम : तुमी तरी किती वेळ बसान? तुमचेच गुडघे धरतात. आज नाही बसले तुमी, अन् आजच झालं.

मोतीराम : पायात घुंगरू बांधलं तं?

कुंदन : मी काय गोऱ्हा होय, आबा?

मोतीराम : खरं हाय. अन् तू चित्र काढत बसला तं घुंगरू तसंही वाजणार नाही. ...कुंदन, तुले पाढे कुठवर येतात?

कुंदन : पंधरापर्यंत. सोळा अर्धा.

मोतीराम : तं असं कर. आई चुलीपाशी असली अन् मी इथं नसलो, की मोठ्यानं पाढे म्हणत राहाचं. आईले ऐकू गेले पाहिजेत. पुढचे मी शिकवतो.

कुंदन : रोज? चित्र काढतानाही?

मोतीराम : हाव.

कुंदन : अन् पाढे संपले तं?

मोतीराम : पाढे संपत नाहीत, बेटा. तेवढी एक गोष्ट चांगली हाय त्यायची.

नीलम : याच्यानं काय होईन, मामाजी? झटका तं येईनच.

मोतीराम : येईन. पण आवाज थांबला की तू घड्याळ पायशीन. एवढंच सुचलं मले.

कुंदन : आता म्हणू काय? दम नाही माह्याजवळ.

मोतीराम : आता झोप. उद्या सतरापासून सुरू करू. सोळा आपोआप येईन.

नीलम : आज मी इथंच बसतो. तवा उतरवला, चुलीवर काही नाही आता.

...

कुंदन : सतरा एके सतरा! सतरा दुणे चौतीस! आई, ऐकू येते काय?

नीलम : येते, येते. म्हण तू. मी कणिक भिजवतो.

कुंदन : सतरा त्रिक एक्कावन्न! सतरा चोक अडुसष्ट! सतरा पाचे पंच्याऐंशी!

नीलम : हं. ...पुढं? ...कुंदन? कुंदन!

कुंदन : हावो ना, आई. दम घेऊन राहिलो.

नीलम : मंग दमही मोठ्यानं घेत जाय रे, बाबू.