कापण्याआधी तीनदा

माझ्या दहा गोष्टींतल्या नऊ थापा असतात, ही दहावी. दवाखान्यात मी गुडघा दाखवायला गेलो होतो. मागच्या बाकावर एक शिंपी आणि त्याची बायको बसली होती. नसबंदी करायची की नाही, ते आत जाण्याआधी त्यांना ठरवायचं होतं.

“अहो, कापडाला कात्री लावण्याआधी तुम्ही गिऱ्हाइकाला तीनदा विचारता. तसंच मी विचारणार. नक्की ना?”

“नक्की. दोन लेकी पुरे.”

“सासूबाई म्हणतील, सुनेनं भरीला घातलं.”

“आईशी मी बोलेन. धाकटीच्या वेळी तुझं रक्त थांबेना, तेव्हा त्या दाराबाहेर मी उभा होतो.”

“मग माझंच करू की ऑपरेशन. सगळ्या बायकाच करतात.”

“तुझं पोट दोनदा शिवून झालंय. आणि शिवण बघितलीय मी, माझ्या दुकानात असा कारागीर टिकला नसता.”

“चेष्टा पुरे. दुसऱ्यांदा विचारते, नक्की?”

“नक्की.”

“आणि उद्या मीच नसले तर? दुसरी केलीत, आणि तिला स्वतःचं मूल हवं असलं तर?”



“तिला दोन तयार लेकी मिळतील. धाकटी चावते, तेवढं आधी सांगून ठेवीन.”

“अहो!”

“तू असायला हवीस म्हणून तर आलोय ना इथं. विचार तिसऱ्यांदा.”

तिनं विचारलं नाही. तेवढ्यात नर्स आली.

“चला ताई, पेशंट तुम्हीच ना?”

“नाही, हे आहेत. मी सोबत आलेय.”