जिन्यातला दिवा

नाही हो दादा, बॅटरी ठीक आहे, दिव्यातच काहीतरी दोष असेल—आणि शिडीवर चढताय कुठे, उतरा आधी. बाकीच्या मजल्यांवर बसवा ना हे वीज गेल्यावर पेटणारे दिवे, तुम्हाला मीच बोलावलंय, फक्त या मजल्यावर नको. का म्हणजे? अहो, मी शिकायला लांब होते तेव्हा वाटायचं, आपल्याकडे रोज संध्याकाळी वीज जाते म्हणजे माणसं बिचारी अंधारात तोंड पाडून बसत असतील. आल्या आल्या इमारतीच्या बैठकीत भाषणसुद्धा ठोकलं—उजेड हा प्रत्येकाचा हक्क आहे वगैरे—टाळ्याही पडल्या! आणि पाहिलं तर काय? वीज जायची वेळ झाली की आमची आई आरशासमोर उभी राहून केस विंचरते. अंधारात बसायला केस कशाला विंचरायचे? पण नाही—जिन्यात बैठक असते ना!

हे समोरचं दार माझ्या मोठ्या काकूचं. आजीच्या शिवणयंत्रावरून दोघी जावांचं जे बिनसलं, तेव्हापासून त्या उजेडात एकमेकींचं तोंड बघत नाहीत. पण अंधारात? अंधारात समोर कोण आहे ते दिसतच नाही—मग काय, पायरीवर शेजारी बसून परक्या बायकांसारख्या गप्पा. आई म्हणते, "आमच्या जाऊबाई म्हणजे नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत हो." काकू म्हणते, "असतात बाई अशा! आमची धाकटी बघा, जन्मात बटण लावलं नाही, पण यंत्र मात्र हवं!" आणि दोघी खुदुखुदु हसतात. आवाज ओळखत नाहीत? ओळखतात की! पण नाव घ्यायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं—म्हणजे ठरवलं कोणीच नाही, पण ठरलेलं. बाबा आणि काका तेवढा वेळ खाली फाटकापाशी ताटकळतात, वर पाऊल टाकत नाहीत. हे सगळ्या इमारतीला माहीत, नाही ते फक्त मला!

काल तुम्ही दिवा बसवून गेलात, संध्याकाळी वीज गेली आणि तो पेटला—लख्ख! आणि कधी, तर काकू सांगत होती, डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय, परवाच आहे, घरात कोणाला बोलले नाही, फार भीती वाटते हो. आईनं तिचा हात धरलेला मला दाराच्या फटीतून त्या उजेडातच दिसला, "मी येते" एवढंच म्हणायचं राहिलं होतं! उजेड पडला आणि दोघी अशा उडाल्या, जणू चोरी पकडली. धाडकन दोन दारं बंद. आता उजेडात आई विचारायची नाही आणि काकू सांगायची नाही. मी मध्ये पडू? म्हणजे चोरून ऐकत होते हे कबूल करू?

म्हणून आज सकाळी उठल्या उठल्या ठरवलं नि वायर—म्हणजे वायर आपोआप निघाली असेल, उंदीर फार झालेत. हसताय काय? बरं, मीच काढली. ऑपरेशन होऊन काकू घरी येईपर्यंत या मजल्यावर अंधारच राहणार, आणि त्यानंतरही ती नि आई म्हणतील तेव्हाच दिवा. अध्यक्षांनी विचारलं तर सांगा, माल खराब निघाला. माझ्या भाषणाची आठवण त्यांनी काढली तर? मग सांगा की—

श्श. आईची कडी वाजली. जा, वरच्या मजल्यावर जा बघू. आणि आईनं विचारलं तर, मला ओळखत नाही तुम्ही!