भारीवाला गुडघा

(पालेगाव. सगुणाबाईच्या घराची ओटी. तिची थोरली जाऊ अंजनी आणि अंजनीची मुलगी शलाका उल्हासनगरच्या डॉक्टरकडून रिक्षाने थेट इथे आल्यात.)

सगुणाबाई : परत बोल. डावा?

अंजनी : डावा.

सगुणाबाई : अगो, पन पंधरा वरसं तू उजवा बोलतेस! तुज्या बेलवलीच्या घराशी इकडं आलीस का पयला उजवा पाय दाखवतेस. "सगुणा, घेशील तर हाच घे." मी डाक्टरला तसाच बोलून बसलेय, अंजनीबायच्या उजव्यात हाय तोच माज्या दोन्ही पायांत घाला.

शलाका : म्हणून तर धावत आलो काकी. परवा तुझं ऑपरेशन. कंपनीचा माणूस उद्या सामान आणणार, त्याला आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय कुठला गुडघा आणायचा ते.

सगुणाबाई : आधी पानी प्या दोघी. मंग सुरवातीपासून सांगा. माजा डोका फिरलाय.

शलाका : सिंपल आहे. आईचे दोन्ही गुडघे एकाच दिवशी बदलले, बरोबर? तेव्हा डॉक्टरांचा अभ्यास चालला होता. एका पायात साधा गुडघा बसवायचा, दुसऱ्यात जास्त वाकणारा, भारीवाला. असे बरेच पेशंट होते. कुठल्या पायात कुठला, ते पेशंटला सांगायचं नाही, असा नियमच. आईने हो म्हटलेलं.

सगुणाबाई : मंग तुमाला कलला कसा?

अंजनी : ह्यांनी शोधून काढलं ना.

शलाका : बाबांनी एक्स-रेची फिल्म खिडकीला लावली. दोन गुडघे दिसले, एकाचं लोखंड जरा वेगळं. आणि ते फिल्मच्या उजव्या हाताला. झालं! उजवा भारीवाला. अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले.

सगुणाबाई : बरोबरच हाय की.

शलाका : कुठे बरोबर? मी तुझ्यासमोर उभी राहते, बघ. माझा डावा पाय तुझ्या कुठल्या हाताला आला?

सगुणाबाई : हलू नको. थांब... उजव्या हाताला.

शलाका : मग? फिल्म पण अशीच बघायची असते, समोर माणूस उभा आहे असं समजून. कोपऱ्यात इंग्रजी एल अक्षर पण होतं, लेफ्टचं. बाबांना वाटलं, कंपनीची खूण असेल.

अंजनी : त्यांना नावं ठेवू नको. ते बिचारे दोन दिवस ती फिल्म घेऊन घरभर फिरत होते.

शलाका : नावं कुठे ठेवतेय आई. आज डॉक्टरांचा अभ्यास संपला, शेवटची तपासणी झाली, म्हणून त्यांनी सांगून टाकलं. डावा भारीवाला, उजवा साधा. बात खतम.

सगुणाबाई : खतम कशी? मी माज्या डोल्यांनी बगते ना! अंजनीबाय खाली बसते मासली साफ कराला, ती कशी बसते? उजव्याची मांडी घालते आनि डावा समोर पसरते. वाकतो तो उजवा. मंग भारीवाला डावा कसा?

अंजनी : तेच मी डॉक्टरला बोलले. बोलले, साहेब, तुमचं काहीतरी चुकतंय, परत बघा. त्यांनी पाय वाकवून मोजला. एकदा नाही, दोनदा. उजवाच जास्त वाकतो. ते पण डोकं खाजवायला लागले.

सगुणाबाई : म्हंजे भारीवाला वाकत नाय नि साधा वाकतो? उल्हासनगरचा डुप्लिकेट माल निघाला काय?

शलाका : अगं, माल ओरिजिनल आहे! डॉक्टर बोलले, बाकीच्यांचं पण असंच निघालं. कुणाचा साधा जास्त वाकतो, कुणाचा भारी. इतक्या वर्षांनी बघितलं तर झीज पण सारखी, टिकायला पण सारखे. उन्नीस-बीस.

सगुणाबाई : मंग ह्याचा वाकना हाय तरी कशावर?

शलाका : पाय आधी किती वाकत होता त्यावर बरंचसं असतं म्हणे. आणि नंतर व्यायाम किती केला त्यावर. आईला वाटायचं उजवा भारीवाला, म्हणून तिने उजव्याला रोज वाकवला. आणि डाव्याला...

अंजनी : डाव्याला जपला. साधा आहे, तुटेल, म्हणून. हे बोलायचे, डाव्यावर जोर टाकू नकोस. जिना उतरताना माझ्या डाव्या बाजूला उभे. बाजारात डाव्या बाजूला. शेवटी शेवटी त्यांनाच धाप लागायची, चार पावलांवर थांबायचे. पण मी उजवीकडे या म्हटलं तरी यायचे नाहीत.

सगुणाबाई : भावजी तसेच होते.

अंजनी : रिक्षात मी डाव्या पायाकडे बघत आले. चांगला धडधाकट पाय, नि त्याला आम्ही आजाऱ्यासारखा ठेवला. वाईट वाटतं गं सगुणा. हसावं की रडावं तेच कळत नाही. ह्यांचं चुकलं म्हणायचं, तर मग ते इतकी वर्षं माझ्या डाव्या बाजूने चालले, ते पण चुकलंच का?

सगुणाबाई : काय पन बोलतेस. ते काय पायाच्या बाजूला चालत होते? तुज्या बाजूला चालत होते.

(अंजनी डाव्या गुडघ्यावरून हात फिरवते.)

शलाका : आई, घे, पाणी घे अजून.

अंजनी : मी बरी आहे. हिचं बघा आधी.

शलाका : हां. काकी, त्या माणसाचा फोन येईल. काय सांगू?

सगुणाबाई : मना काय कलत नाय. तूच सांग. मना दुसरा काय पायजे? मना नवरीच्या बाजूला खाली बसता आला पायजे, बास. धवलारीन हाय मी. अख्ख्या गावाच्या पोरींची लग्नं मी धवले गाऊन लावली. आनि शेजारच्या नरेंद्रच्या पोरीच्या हलदीला मना खुर्ची दिली. पलास्टिकची. नवरी खाली पाटावर नि मी वरती, सभेला आल्यासारखी! धवला असा वरून गायचा असतो? नवरीच्या कानाशी गायचा असतो. माजा आवाज तिच्या डोक्यावरून गेला. मना रडू आला, नि लोक बोलले, काय मनापासून गायली बाय.

अंजनी : मी होते ना तिथे. मला कळलं होतं.

शलाका : खाली बसायचं मी विचारलं डॉक्टरांना. रोज नको म्हणाले. कधीतरी, जमलं तर. गॅरंटी देत नाहीत.

सगुणाबाई : रोज कोनाची लग्नं हायेत?

अंजनी : मग भारीवालाच घे.

सगुणाबाई : आता तर बोललीस, भारीवाला वाकत नाय!

अंजनी : वाकवला नाही म्हणून वाकत नाही.

सगुणाबाई : बरा. मंग साधा घेते.

अंजनी : पण साधा वाकला तो मला भारीवाला वाटत होता म्हणून.

सगुणाबाई : अगो, मंग मी घेऊ तरी काय? तुजा डावा घेऊ का उजवा घेऊ?

शलाका : अजून एक प्रकार आहे काकी. त्याच्यात आतलं प्लास्टिक फिरतं...

सगुणाबाई : तिसऱ्याचा नाव काडलास तर ऑपरेशनच करायची नाय मी!

शलाका : ओके, ओके. सॉरी. हे बघ, डॉक्टर बोलले, माझ्या हाताला जो सवयीचा आहे तो मी सगळ्यात नीट बसवतो. तो साधा पण असू शकतो. त्यांच्यावर सोडूया?

सगुणाबाई : अंजनीबाय, तू काय बोलतेस?

अंजनी : मी काय बोलू? मी पंधरा वर्षं चुकीचंच सांगत होते.

सगुणाबाई : चुकीचा सांगितलास, पन पाय वाकला ना तुजा?

अंजनी : वाकला खरा.

सगुणाबाई : मंग शलाका, लाव फोन. डाक्टरला बोल, त्याच्या हाताला जो येतो तो घाल. पन माजा एक काम कर. मी शुद्धीवर आली का माज्या कानात सांग, काकी, तुज्या दोन्ही पायांत भारीवाला घातलाय.

शलाका : आणि साधा घातला असेल तर?

सगुणाबाई : तरी तसाच सांग.

अंजनी : हिला खोटं बोलायला जमायचं नाही. मी सांगीन.

शलाका : पण आई, काकीला तर आता सगळंच कळलंय!

सगुणाबाई : कलू दे. ही बोलली का मी भरवसा ठेवीन.