दोन टिकल्यांच्या मधला काटा

हॅलो? … हॅलो, सकू, ऐकू येतंय का? … मी मुरबाडहून बोलतोय, स्टँडसमोरून. … नाही, अजून निघालो नाही. रिसॉर्टचे शेफसाहेब माझ्याबरोबर आहेत. पलीकडच्या हॉटेलात भजी खात बसले आहेत आणि ती संपली की आम्ही जीपने थेट शेणव्याला येणार. … हो, आजच. धुरीतली कोंबडी जिभेला पटली, तर दर शनिवारी रिसॉर्टला आपलीच, हे त्यांच्या तोंडचं वाक्य आहे. म्हणून विचारतो, भट्टीचा काटा कुठे आहे?

… 'बरोबर हाय' हा अभिप्राय झाला, सकू. मी तापमान विचारलं. … मान्य. मोबाइलला रेंज फक्त बांधावर, आणि ड्रमची भट्टी परसात. तुला तिथून काटा दिसणार नाही, हेही मान्य. त्यासाठीच तर आईला ड्रमपाशी बसवलं आहे. हाक मार तिला. … थांबतो.

… काय म्हणाली? … दोन्ही टिकल्यांच्या मधोमध. उत्तम. काचेवर चिकटवलेली लाल टिकली शंभरावर, हिरवी एकशेवीसवर, आणि काटा त्यांच्या मध्ये राखायचा. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्यालाही भट्टी सांभाळता यावी, असं मी म्हणालो होतो ते… अगं, ऐक ना. मी स्वतःची स्तुती करत नाही, पद्धतीची करतोय.

… वास नाही? म्हणजे? … सकाळी येत होता, आता येत नाही. … आणि चरबी ठिबकायची थांबली? निखाऱ्यावर चुर्र वाजत नाही? … सकू, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. काटा शंभरापुढे असेल तर चरबी ठिबकलीच पाहिजे. … हो, हो, तुझ्या नाकावर माझा अविश्वास नाही. पण काट्यावरही नाही. … भांडत नाही गं, तर्क करतोय.

बरं, शेजारची जनी काय म्हणते? … काहीच नाही? धुराने धुणं काळं होतं म्हणून महिनाभर भांडणारी जनी आज गप्प? … ही मात्र चिंतेची बाब आहे.

आईने मध्ये काही केलं का, विचार. … काटा हिरव्या टिकलीच्या वर गेला, म्हणून तिने खालचं वाऱ्याचं भोक पत्र्याने थोडं झाकलं. … परत वर गेला, परत झाकलं. … आता पुरतं बंद आहे? … नाही, तिला बोलू नकोस. मी तसंच सांगून निघालो होतो.

एक कर. तू स्वतः जा, टिकल्यांकडे अजिबात न बघता नुसता आकडा वाच आणि परत ये. … फोन चालू राहू दे. शेफसाहेबांनी दुसरी प्लेट सांगितली आहे, ईश्वराची कृपा.

…

बोल. … सत्तर? … नीट वाचलंस? सातावर शून्य? … आणि तरीही टिकल्यांच्या मध्ये? … म्हणजे टिकल्या… घसरल्या. काच तापली, गोंद पातळ झाला, टिकल्या खाली उतरल्या, आणि आई बिचारी त्यांच्या मागोमाग काटा उतरवत राहिली. … हसू नकोस. … खिळ्याने ओरखडे काढू या, असं तू सुचवलं होतंस, ते मला स्मरतं. काच तडकेल हा माझा आक्षेप होता, आणि तो आजही… बरं. तो वाद संध्याकाळी.

आता ऐक. पत्रा काढ. चुलीतले निखारे खोऱ्याने खालच्या दारातून सार, वर सुकं जांभळीचं लाकूड ठेव. झाकण उघडायचं नाही, कोणी विनवलं तरी नाही. … नवी खूण कशाने करायची ते तू ठरव. मी मत देणार नाही. … आणि आईला इकडे बांधावर फोनवर पाठव, ड्रमपाशी तू थांब.

…

आये? मी दामू. … रडतेस कशाला गो? … नाय, तुजी चूक नाय. तू टिकलीवर नजर ठेवलीस. टिकलीच पळाली, त्याला तू काय करशील? … नाय गो, कोंबड्या नाय बिघडल्या. सकाळपासून धूर खाल्लाय त्यांनी, आता नुसती आच पायजे. … सकूने काय घेतलं? … तुज्या डबीतला चुना? काचेवर लावला? … शंभरावर एक बोट नि एकशेवीसवर एक बोट. … तो नाय घसरायचा, आये. तो चांगला बसंल.

… थांबतो ना. सायब अजून खातायत.

… सकू काय वरडते? … काटा पयल्या चुन्याला टेकला? … वाजतंय? चुर्र वाजतंय? … मंग आता पत्रा अर्धा लाव म्हणावं. अर्धाच. …

आता कोण आलंय? … जनी? परत धुणं घेऊन भांडाया? … नाय? मंग? … वाटी घेऊन? … वासाने आली?

… आये, तिला बसव. च्या दे. पण झाकण नाय उघडायचं, जनीसाठी पण नाय… आये? … हॅलो? … सकू?

… गेली रेंज.

साहेब, तिसरी प्लेट सांगू नका. पोटात थोडी जागा राखून ठेवा.