कडेची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रस्त्यावरच्या दुकानदार मंडळाचे प्रमुख औषधवाले अण्णा. प्रमुख पाहुणे, आपल्या भागाचे लोकप्रतिनिधी आदरणीय दादासाहेब. व्यासपीठावर बसलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते फोटोवाले काका आणि आमच्या काकू. समोरच्या बंधूंनो, भगिनींनो, आणि लवकर निघता यावं म्हणून दाराजवळच उभं राहिलेल्या मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

अण्णांनी मला बजावलंय, "सिस्टर, दोनच शब्द बोला, पण गोड बोला." आता मी दवाखान्यातली नर्स. गोड बोलून सुई टोचणं हा माझा रोजचाच उद्योग आहे, तेव्हा प्रयत्न करते.

काकांच्या हातचा एक तरी फोटो ज्यांच्या घरी नाही, असं या सभागृहात कोण आहे? लग्नात नवऱ्या मुलाच्या वडिलांवर "पोट आत!" म्हणून ओरडणारा माणूस दुसरा कोण होता? माझ्या ओळखपत्रावरचा फोटोही काकांनीच काढलाय, आणि त्यात मी थेट चोर दिसते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. तर म्हणाले, "त्याला मी काय करणार, सिस्टर? कॅमेऱ्यासमोर बसलं कोण होतं?" काका तापट आहेत, हेकट आहेत, हे काकूही मान्य करतील. बघा, हसल्या.

इथवर गोड झालं. आता अण्णा, कृपा करून घड्याळाकडे बघू नका.

एवढ्या सगळ्यांत मलाच का बोलायला सांगितलं? तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तर सगळे चपलांकडे बघताय. मी "ती आई". वर्षभरापूर्वी जिच्या मुलीवर वर्णद्वेष झाला म्हणून वर्तमानपत्रात आलं, टीव्हीवर संध्याकाळच्या संध्याकाळी चर्चा रंगल्या, ती. मी व्यासपीठावर बसले, काकांना फुलं दिली, की सगळं मिटलं असं दिसेल. चांगलं दिसेल, असं अण्णा म्हणाले. अण्णा मनाने वाईट नाहीत. त्यांना शांतता आवडते, एवढंच.

पण झालं काय होतं, ते या सभागृहात आजवर कुणी विचारलं का? मी सांगते. त्याच्या आधीच्या वर्षी शाळेतून वर्गाचा फोटो घरी आला. सगळी पोरं कशी स्वच्छ ओळखू येत होती. माझ्या धाकटीच्या जागी नुसते दात आणि दोन रिबिनी. ती बिचारी फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "आई, ही मी आहे ना?" माझं डोकंच फिरलं. फोटो घेऊन तशीच स्टुडिओत गेले आणि काकांना काय वाटेल ते बोलले. त्यांनी भिंग काढलं, फोटो बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता हे माझ्यावरच ओरडणार. तर हळूच म्हणाले, "चूक माझी आहे. मी गोऱ्या पोरांच्या हिशोबाने उजेड धरला. तुमच्या लेकीकडे मी पाहिलंच नाही." पुढच्या वर्षी बघा, असंही म्हणाले.

पुढच्या वर्षी त्यांनी तिला हाताला धरून मधून उठवलं आणि रांगेच्या कडेला, खिडकीजवळ नेलं. शाळेच्या त्या हॉलला एकाच बाजूला खिडक्या आहेत, मुख्याध्यापिका बाईंना माहीत आहे. कुणा पालकाच्या मोबाइलवर हे टिपलं गेलं. "तू इथे नको, तिकडे कडेला ये." टीव्हीवर एवढंच सगळ्यांना ऐकवलं. पुढचं वाक्य कापलं. ते मला लेकीने त्याच संध्याकाळी, बातमी यायच्या आधी सांगितलं होतं. काका तिला म्हणाले होते, "इथे उजेड आहे. आईला तुझे डोळे दिसले पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी मथळा आला, "काळी म्हणून कडेला! उमेदवाराच्या मामाचा वर्णद्वेष." कारण काकांचा भाचा तेव्हा दादासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा होता. दादासाहेब, पाणी घ्या, अजून थोडं आहे.

संध्याकाळी दादासाहेब माझ्या घरी आले. सोबत कॅमेरे, दिवे, दहा-बारा माणसं. आमच्या घरात बसायला तेवढ्या खुर्च्या नाहीत, म्हणून शेजारून आणल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माझ्या या बहिणीच्या अपमानाचा जाब विचारल्याशिवाय मी राहणार नाही." आवाजही भरून आला होता त्यांचा. मी बातमीदार मुलीला म्हटलं, "अहो, लेकीचा चेहरा दिसत नाही म्हणून मीच तर काकांना सांगितलं होतं." तिने माईक खाली घेतला. म्हणाली, "ताई, ते आपण नंतर घेऊ." नंतर काही ती आली नाही. आणि मी, मंडळी, दुसऱ्यांदा काही ते बोलले नाही.

का नाही बोलले? खरं सांगायची लाज वाटते, पण सांगते. त्या घटनेच्या काही महिने आधी दवाखान्यात एका पेशंटने माझा हात झटकला होता. "ही नको, दुसरी पाठवा. गोरी पाठवा." सगळ्या वॉर्डाने ऐकलं. मी तक्रार घेऊन दादासाहेबांच्याच कार्यालयात गेले, साक्षीदार घेऊन गेले. तो पेशंट त्यांचा कार्यकर्ता निघाला. मला चहा दिला आणि म्हणाले, "ताई, आजारी माणूस आहे. मनावर घेऊ नका, वाढवू नका." जे खरं घडलं, ज्याला साक्षीदार होते, ते वाढवायचं नव्हतं. आणि ज्याबद्दल कुणाला काही विचारायचंही नव्हतं, ते गावभर वाढवलं.

तरीसुद्धा त्या संध्याकाळी मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी ओरडत होतं. झटकलेल्या प्रत्येक हाताची भरपाई होतेय असं वाटलं. ती एका निरपराध माणसाकडून वसूल होतेय, हे मला कळत होतं. कळत असून मी गप्प बसले. पुढे दवाखान्याच्या समितीवर मला सदस्य करून घेतलं, तिथेही जाऊन बसले. आजसुद्धा निमंत्रण पत्रिकेवर माझ्या नावापुढे तेच पद छापलंय. उद्या ते राहील असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मला आता ते नकोही आहे.

दुसऱ्या बाजूचं वर्तमानपत्रही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं हो. त्यांनी काकांची बाजू घेतली ती कशी? "बाहेरून आलेले लोक आता डोक्यावर बसले," असं आमच्याबद्दल लिहून. आणि भाच्याने मतांचा अंदाज आल्यावर सांगून टाकलं, "मामांशी माझा काही संबंध नाही." दोन्हीकडच्या लोकांनी काकांचं नाव हवं तितकं वापरलं. त्यांच्या दुकानात जाऊन काय झालं ते विचारलं नाही कुणीच. शाळेने बोलावणं बंद केलं. आपण पासपोर्टचे फोटोसुद्धा पलीकडच्या चौकात जाऊन काढले. हो, आपण. मीही.

काका, तुमच्या मनात माझ्या लेकीबद्दल काय होतं, हे मी छातीठोकपणे कसं सांगू? दुसऱ्याच्या मनातलं मला दिसत नाही. मला फक्त तो फोटो दिसतो. तो तुम्ही त्या गोंधळातही शाळेला वेळेवर दिलात. त्यात ती कडेला उभी आहे, आणि तिचे डोळे दिसतात. तो मी वर्षभर कपाटात उलटा ठेवला होता. भिंतीवर लावला असता, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला खरं सांगावं लागलं असतं.

उद्या काका-काकू त्यांच्या लेकीकडे राहायला जाणार. त्याआधी हे कुणीतरी चार माणसांत बोलायला हवं होतं. ते काम माझंच होतं, आणि मी ते निरोपाच्या दिवसापर्यंत लांबवलं. याची मला लाज वाटते.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार. दादासाहेब उठून गेले नाहीत, त्यांचेही आभार. गोड बोलायचं राहूनच गेलं, काही जास्त बोलले असेन, तर लहान समजून सांभाळून घ्या. काका, तुमची माफी मात्र मी एवढ्या स्वस्तात मागणार नाही.

फक्त एक विनंती आहे. आता ग्रुप फोटो आहे, आणि त्यासाठी वर्तमानपत्राचा माणूस आलाय. त्याला बसू द्या. काकू, यांचा कॅमेरा पिशवीत आहे ना? मला वाटलंच. काका, फोटो तुम्ही काढा. दादासाहेबांना, मला, सगळ्यांना तुम्ही म्हणाल तिथे उभं करा. ओरडा हवं तर. त्या फोटोत तुम्ही दिसणार नाही, हे मला कळतं. पण वर्षभर आमच्यातल्या एकालाही जमलं नाही, ते त्यात दिसेल. आम्ही सगळे तुमच्याकडे बघत असू.