टॅपेट कव्हरला पुन्हा फोड आले

तसं हे मी कोणाला सांगायचं नाही असं ठरलंय, म्हणजे दोन वेळा ठरलंय, दोन वेगवेगळ्या माणसांशी, पण तुम्ही काही आमच्या घरचे नाही आणि पोटात ठेवून ठेवून माझं आता पोट दुखायला लागलंय, म्हणून सांगते... आमच्या गाडीच्या टॅपेट कव्हरला तिसऱ्यांदा फोड आलेत, आणि का आलेत ते मला माहीत आहे.

टॅपेट कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, ओतीव अॅल्युमिनियमचं. गाडी आजोबांची. आजोबा मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी गेले, आणि गाडी शेडमध्ये धूळ खात राहिली. मग आत्याचा फोन आला की सुट्टीत येते, आणि बाबा बोलून बसले, "तुला स्टेशनवर घ्यायला त्यांचीच गाडी आणतो." झालं. ब्रशने रंग मारला असता तर गाडी कधीच रस्त्यावर आली असती, पण नाही, पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड मारून ती ओव्हनमध्ये भाजायची, आणि तेही नीट. कारण आजोबा म्हणायचे, घाई केली की फोड येतात. कशालाही म्हणायचे हो. माझ्या गणिताच्या पेपरला म्हणाले होते, आत्याच्या लग्नालाही म्हणाले होते.

तर नीट म्हणजे काय, तुम्हाला सांगते. आधी कव्हर धुवायचं, तेलाचा थेंब राहता कामा नये. मग बारीक रेतीचा मारा करून जुना रंग उतरवायचा. मग बोल्टच्या भोकांना रबरी बुचं आणि कडेला उष्णता सोसणारी टेप, हे काम माझं, कारण बाबा म्हणतात माझी बोटं बारीक आहेत आणि मी बोलत नाही. उघड्या हाताने शिवायचं नाही, बोटाचं तेल लागतं. हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "चाळीस वर्षं त्या माणसाच्या काळ्या हातातून चहाचा कप घेतला, आणि आता या झाकणाला हात लावायला मी मोजे घालू?"

आणि यानंतर सगळ्यात महत्त्वाचं. पावडर मारायच्या आधी कव्हर नुसतंच तासभर ओव्हनमध्ये तापवायचं. ओतीव धातूत बारीक बारीक छिद्रं असतात, त्यात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, ते आधी बाहेर काढलं नाही तर पावडर भाजताना खालून वर येतं आणि फोड. ओव्हन आईचा. म्हणजे होता. बाबांनी त्यात पहिल्यांदा कव्हर ठेवलं तेव्हा आई एवढंच म्हणाली, "आता हा तुमचाच. यात भाजाल ते तुम्हीच खा." तेव्हापासून ओव्हन शेडमध्ये.

पहिल्या दिवशी बाबा ओव्हन लावून कामावर गेले, मला म्हणाले, "तासाने बंद कर, आधी नाही." मी स्टुलावर बसले. दहा मिनिटांत वास यायला लागला. जळक्या तेलाचा, जरा कडवट, जरा गोडसर... आणि आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली नि दारातच थांबली. म्हणाली, "आले?"

आजोबा संध्याकाळी यायचे ना, तो हाच वास होता. ते आत यायच्या आधी वास यायचा, आणि आजी आतूनच ओरडायची, "आधी हात धुवा, मग दाराला शिवा."

तिने दुसरं स्टूल ओढलं. डोळे मिटून बसली. विसाव्या मिनिटाला उठली आणि ओव्हन बंद केला. मी म्हटलं, "आजी, तास व्हायचाय." ती म्हणाली, "सगळं आजच उडवून टाकतेस का? राहू दे थोडं. आणि बाबाला सांगू नकोस."

फोड आले. बाबांनी कोटिंग उतरवलं, पुन्हा रेती, पुन्हा बुचं, पुन्हा ओव्हन, पुन्हा आजी, पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा फोड. बाबा कव्हर उजेडात धरून म्हणाले, "मी तर काहीच घाई केली नाही." मला इतकं वाईट वाटलं की मी जेवलेच नाही. आत्याला यायला आठवडा राहिला होता.

तिसऱ्या वेळी बाबा काहीतरी विसरलं म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. मी खिडकीतून पाहिलं. आजी ओव्हनपाशी डोळे मिटून बसलेली, आणि बाबा बाहेर, भिंतीला टेकून, नाक वर करून उभे. आजीने ओव्हन बंद केला तेव्हा ते हळूच निघून गेले. संध्याकाळी फोडांवरून बोट फिरवत आजीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कुठे चुकतंय कळत नाही बुवा." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मला कळलंय हे आजीला सांगू नकोस."

आत्या आली ती बसने. दारातच तिने बॅग ठेवली, शेडकडे तोंड वळवून वास घेतला आणि म्हणाली, "आधी हात धुवा." आता तीही स्टूल घेऊन बसलीय.

आज चौथी खेप, आणि आज बाबा घरीच आहेत. आणि कव्हर झालं की इनटेक आहे, म्हणजे इंजिनात हवा नेणारी नळी, मग इंजिनाखालचं तेलाचं चेंबर, ते तर नुसतं तेलात मुरलेलं, बाबा म्हणतात महिन्याला एकच भाग घ्यायचा, नीट करायचा. घाई केली की फोड येतात म्हणे. आमच्याकडे घाई कोणालाच नाही, फोड मात्र नियमित येतात, आणि दर वेळी बुचं बसवणारी एकटी मी...

"अगं ए चिमणे, ओव्हनला किती मिनिटं झाली?"

आले, बाबा. सतरा झालीत, म्हणजे आजी उठायला अजून तीन आहेत, पण आजी ऐकतेय, म्हणून मी बाबांना सांगते की तास व्हायला अजून त्रेचाळीस आहेत.